कागदावर नसलेली लाईन

पुस्तकात यकृताची धमनी एकच येते
आणि वर जाऊन दोन वाटा करते, शहाण्यासारखी.
परीक्षेत तेवढंच काढायचं. लाल पेन्सिलीनं.

आमच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्याची उजवी धमनी खालून निघालेली,
आतड्यांना पोसणाऱ्या वाहिनीतून फुटून
स्वादुपिंडाच्या मागनं, पित्तनळीच्या आडनं,
परसदारानं आपल्याच घरात शिरावं तशी.
सर म्हणाले, "शंभरात दहा-पंधरा असे निघतात. काढ वहीत."

हॉलचे दस्तगीर मामा डबा बाहेर खायचे, कडुनिंबाखाली.
तिथं नियम मोडून नाव सांगितलं त्यांनी:
तातोबा आरगे. म्युन्सिपाल्टीत पाणी सोडायचा.
पहाटे चारला शुक्रवार पेठेत, खांद्यावर लोखंडी चावी.
नवा इंजिनियर नकाशा पसरायचा,
तातोबा टाचेनं रस्ता ठोकायचा:
"कागदावर न्हाई सायेब, पर हितनं लाईन हाय.
संस्थानच्या वक्ताची. कुदळ जपून."

तेवीस वर्षांनी केरबा.
शाहूपुरीत गुळाचे रवे उचलणारा,
डोळे गुळाहून पिवळे.
स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ.
रिपोर्टात रक्तवाहिन्यांसाठी एकच ओळ: विशेष काही नाही.

पोट उघडलं. कात्री मागितली,
सिस्टरनं पुढं केली, मी घेतली नाही.
डाव्या हाताचं बोट पित्तनळीमागं सरकवलं.
तिथं काही नसायला हवं होतं.

टक.
टक.

प्रयाग चिखलीला चार नद्या दाखवतात,
पाचवी मानायची असते.
ही मानायची नव्हती. ही ठोके देत होती,
सुतळीएवढी, अर्ध्या यकृताचा घास वाहणारी,
कात्रीच्या वाटेत.

भूल देणाऱ्या खटावकर मॅडमनी मान वर केली,
"काय झालं?"
"पाणी आहे इथं," मी म्हणाले.
त्यांना वाटलं, पोटात पाणी झालंय.
सक्शन लावा म्हणाल्या.

पुढचे दोन तास लाल रबरी फीत घालून
तिला बाजूला धरण्यात गेले.
पाठ मोडली. चहा निवून साय धरली.
गाठ निघाली.
यकृताची उजवी बाजू होती तशीच, तांबूस, ओली.

रात्री नोंद लिहिली: उजवी धमनी खालून. जपली.
मदतनीसांच्या रकान्यात दोन नावं मावतात.
दोन्ही भरली,
आणि पेन थोडा वेळ तिथंच राहिलं.