आधण

आई पाणी उकळायची.
डॉक्टरनं बजावलं होतं, बाळाचं आहे, नीट उकळा,
म्हणून तीनतीनदा, भांड्यात निम्मं उरेपर्यंत.
मग दुधाची पावडर, मग बाटली उलटी करून
मनगटावर एक थेंब: सोसवतो का.

विहीर अंगणातच. डुकरांचा गोठा सात पावलांवर,
पलीकडे मक्याला फेकलेलं पांढरं खत.
पाण्याला वास नाही, रंग नाही, चव तर गोडसरच.
देझो एकेचाळीस दिवसांचा झाला
आणि त्याचे ओठ आलुबुखारासारखे निळे पडले.

नायट्रेट उकळून जात नाही. आटवलं की दाटतं.
मागून जन्मलेल्या एतेल्काला हे कळलं
तेवीस वर्षांनी, सेगेदच्या एका वर्गात, फळ्यावर.
आईला तिनं ते सांगितलं नाही.

आता तिसा नदीपलीकडे, मिरच्यांच्या काचघरामागे
पत्र्याची एक खोली, खोलीत पुरुषभर उंच काचेची नळी.
भुईखालचं कढत पाणी काचघरं तापवतं,
जाता जाता नळीलाही ऊब देतं. पासष्ट अंश.
आत खड्यांवर करडा, बुळबुळीत थर,
झऱ्याच्या तोंडातून खरवडून आणलेले जीव;
आपल्याला भरलेला ताप म्हणजे त्यांचा कडक हिवाळा.
जेवायला थोडं व्हिनेगर.
हवा नको. नायट्रेटवरच श्वास,
आणि उच्छ्वास म्हणजे बुडबुडे, वर, छपराच्या फटीतून,
हवेतलं होतं ते हवेत.

शेजारचा एदन विचारतो, "जंतू? पाण्यात? मुद्दाम?"
"मुद्दाम."

जानेवारीत पंप बंद पडला. रात्रीचे दोन, बाहेर उणे चौदा.
नळी बेचाळीसवर उतरली, बुडबुडे थांबले.
एतेल्कानं घरून पिसांची रजई आणली,
नळीला गुंडाळली, सुतळीनं आवळली,
स्टोव्हवर आधण ठेवलं, रबरी पिशव्या भरल्या,
आणि आत खोचण्याआधी
मनगटावर एक थेंब.

सहाच्या सुमारास एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

आई अठ्ठ्याऐंशीची. चहाचं पाणीही तीनदा उकळते.
रविवारी एतेल्का नळीच्या पाण्याचा कॅन नेते,
ओट्यावर ठेवते.
"उकळू?" आई विचारते.
"उकळ," एतेल्का म्हणते. "आता उकळ."