घर सोडल्याचा दाखला

शाळेच्या कार्यालयात शिंगोटेबाईंनी
दोन दाखले लिहून दिले, निळ्या शाईत.
वर्तणूक: चांगली.
प्रगती: समाधानकारक.
शाळा सोडण्याचे कारण: परदेशी स्थलांतर.
गिरिजाने रिक्षात तो तीनदा वाचला,
मग विचारलं,
"आई, घर पण देतं का असा?"

नेरूळ, सेक्टर दहा, तळमजला.
सिडकोच्या सोडतीत बाबांचा नंबर लागला तेव्हा
पलीकडे नुसतं खाजण, रात्री कोल्हे ओरडायचे,
असं आई सांगायची. मी तेव्हा पोटात.
बाबा तुर्भ्याला, रंगाच्या कारखान्यात.
घरी आले की मोरीत बसून अर्धा तास हात घासायचे,
तरी नखं निळी.
माझ्या कन्यादानाच्या फोटोतसुद्धा निळी.
मोरीच्या कोपऱ्यातल्या दोन फरश्यांवर
तो निळा अजून आहे.
ॲसिड झालं, नारळाची शेंडी झाली,
मग मीच घासायचं सोडलं.

घर घेणारा मुलगा भला वाटला.
बायकोला सातवा महिना.
"बाथरूम सगळं तोडून नवीन करू," तो म्हणाला.
ती भिंतीला हात लावून उभी होती.
"नंतर," म्हणाली. "बघू."

मुलांच्या वडिलांची संमती नोटरीकडून आली,
पोस्टाने.
पाकीट उलटं करून झटकलं.
चिठ्ठी नव्हती.

पुष्पलताकाकूंना गावाचं नाव चारदा सांगितलं:
इन्व्हरकार्गिल.
"कारगिलला? पोरांना घेऊन? तठं लराई झालेली ना गो!"
नाही हो काकू, न्यूझीलंड, नकाशाच्या पार तळाशी,
तिथे म्हाताऱ्यांच्या रुग्णालयात नर्स म्हणून.
"इथली म्हातारी मानसा कमी परली का तुला?"
आणि आत जाऊन
सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आल्या.
ती तिथल्या विमानतळावर काढून घेतात, मला माहीत होतं.
घेतली.

माणशी तेवीस किलो.
निषाद वजनकाट्यावर उभा राहतो
एकेक वस्तू छातीशी धरून:
वरवंटा, इस्त्री, बाबांचा रेडिओ,
आणि स्वतःला वजा करायला मला हाक मारतो.
"मी नुसता किती?"
सोळा.
"मग मी बॅगेत मावतो. माझं तिकीट परत कर."

वर्गातल्या मुलांनी गिरिजाला कार्ड दिलं,
त्यावर कापसाचा फ्लेमिंगो, एक पाय निखळलेला.
चांगलं आहे, मी म्हटलं.
पुढचं म्हटलं नाही:
ते पाखरू दरवर्षी परत येतं,
आपलं तिकीट एकेरी आहे.

शेवटच्या रात्री पंखे उतरवलेले.
गादी नाही, सतरंजीवर तिघं.
गिरिजा विजेच्या बिलाच्या पाठीवर
पट्टीने रेघा मारत बसली.
नाव: आई, मी, निषाद.
प्रवेशाची तारीख: आई जन्मायच्या आधीपासून.
वर्तणूक: आई चांगली. मी चांगली. निषाद बरा.
"घर सोडण्याचे कारण?"

पगार, असं लिहिता आलं असतं.
तुम्ही दोघं, असं लिहिता आलं असतं,
पण मग ते ओझं तेवीस किलोंत बसलं नसतं.
म्हटलं, तो रकाना राहू दे.
"कोरा चालतो?"
घराला चालतो.

"मग शिक्का तरी हवा."
ती उठली, मोरीत गेली,
दोन्ही हातांनी कागद दाबून धरला
त्या निळ्या फरशीवर,
बराच वेळ, दात-ओठ खाऊन.
उचलला तर रंग काही उतरला नव्हता.
कागद नुसता ओला झाला होता.

ती मला दाखवायला आली नाही.
दोरीवर वाळत घातला तिने तो,
सगळे चिमटे बांधून ठेवले होते,
म्हणून केसांतली पिन लावून.

पहाटे साडेतीनला गाडी आली,
तेव्हा कागद अजून दमट होता.
तसाच घडी करून ठेवला
तीन पासपोर्टांच्या मधे.