मागची सीट

एकतीस वर्षं मी हा मुलूख
व्हर्लनच्या डाव्या खांद्यावरून पाहिला.
उजव्या खांद्यावरून पाहिला असता
तर कदाचित वेगळाच निघाला असता.

हेल्मेटमधून बोलायचं यंत्र मुलीनं दिलं होतं,
ते पहिल्याच पावसात गेलं. बरंच झालं.
आम्ही एकमेकांना थापा मारतो, खऱ्याखुऱ्या:
पाठीवर एक, म्हणजे हळू.
दोन, म्हणजे थांब, मला जायचंय.
मांडीवर मारली तर बघ, हरीण.
किंवा गाय. एकदा तर एक पाद्री,
कुंपणावर बसून कलिंगड खाणारा.
तीन थापा म्हणजे मी चिडलेय,
कारण मुक्कामाला पोचल्यावर.

वेस्ट व्हर्जिनियातले हे मागचे रस्ते
कोळसेवाल्यांनी काढले आणि विसरून गेले.
एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला
कुणाच्या तरी परसातली गंजकी ट्रॅम्पोलिन,
तिच्या सावलीत झोपलेलं कुत्रं.
नकाशावर हा रस्ता उसवलेल्या लोकरीसारखा दिसतो,
अजून कुरळा,
स्वेटरची सवय न सुटलेला.

अशाच रस्त्यांवर, चार काउंट्या पलीकडे,
मी सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली.
त्यामुळे सुट्टीतही वळण आलं की
माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो,
आणि एखाद्या टपालपेटीपाशी
टकेटांची पोरं दिसतात, डिसेंबरात,
तिघं भावंडं, दोन कोट.
व्हर्लनला वाटतं मी निसर्ग बघतेय.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओपलच्या खाणावळीत
घेवड्याच्या वाटीत त्याचा चमचा पडला.
उचलला. पुन्हा पडला.
"गुळगुळीत आहे फार," तो म्हणाला.
ओपलनं दुसरा आणून दिला, न बोलता,
आणि जाताना माझ्याकडे पाहिलं.
बाई बाईकडे असं पाहते
तेव्हा वाक्य पूर्ण असतं, मधे विराम नसतो.

मला ठाऊक होतं, मार्चपासूनच.
बटणं लावताना तो पाठ फिरवायचा.
रात्री बोटं अशी चोळायचा
जणू कुणा दुसऱ्याची आहेत, थंडीत सापडलेली.
मी विचारलं नाही.
त्यानं नकाशा आणून टेबलावर पसरला
आणि म्हणाला, या वर्षी जरा लांबची फेरी मारू.

घाट चढलो. ऱ्होडोडेंड्रॉनची झाडी दोन्हीकडून वाकलेली,
रस्त्यावर ऊन फक्त नाण्यांएवढं.
एका वळणाला खडी होती.
मागचं चाक जरासं घसरलं, जरासंच,
जीभ दाताखाली येते तितकं.
तो पुढे जाऊन थांबला,
बंद पडलेल्या किराणा दुकानासमोर,
जिथे अजून पाटी होती: जिवंत गांडुळं मिळतील.

इंजिन टिकटिकत निवत होतं.
त्यानं किल्ली पुढे केली,
जेवताना मीठ मागितल्यावर मीठ द्यावं तशी.
मीही घेतली, मीठ घ्यावं तशी.

चाळीस फुटांची बस, अठ्ठेचाळीस पोरं आणि एक बेडूक
मी बर्फातून खाली उतरवलेत;
तरी पहिल्या गिअरला गाडीनं उडी मारली.
मागे तो अवघडून बसला.
हात आधी सीटच्या पट्ट्यावर, मग गुडघ्यांवर,
मग हवेत.
एकतीस वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं
की मागे बसल्यावर हात ठेवतात कुठे.

उतार लागला. खाली दरीत कुणीतरी
गवत कापत होतं, वास वर येत होता.
वळण, मग त्याच्या पोटातून दुसरं वळण.
तो चुकीच्या बाजूला झुकला, मग बरोबर.

आणि माझ्या उजव्या खांद्यावर एक थाप पडली.
एकच.
त्या खांद्यासाठी आमच्याकडे
शब्दच नव्हता अजून.

मी वेग कमी केला नाही.