कवड्या की मण्यार

पहाटे पोटात पिळा पडला तेव्हा वाटलं,
रात्रीची झिंग्याची भाजी नडली.
कोपरापाशी नखभर खाज. बस.
डास चावला तरी याहून जास्त कळतं.

लहानपणी बांगड्या भरायला एक मण्यार यायचा,
हात असा दाबायचा की
बांगडी कधी चढली समजायचं नाही.
याचंही नाव तेच.

मग पापण्या उतरल्या,
दुकानाचं शटर अर्ध्यात अडकून
पुन्हा घसरावं तशा.
जीभ भिजल्या तणशीसारखी.
मी उत्तर देईना, म्हणून मला कोणी विचारेना.

डोमानं सातरीखालचा मारून
चुन्याच्या बादलीत आणलेला.
दवाखान्याच्या ओट्यावर टॉर्च आणि वाद.
"कवड्या आहे जी, भेवाचं काम नाही."
"नाही बापा, आग्या मण्यार!"
"त्याचे पट्टे पिवळे रायते. हा तं पांढरा."
"म्हणून तं कवड्या."

शाळेत खिचडी शिजवते मी.
भिंतीवरचा सापांचा तक्ता
अकरा वर्षं धुराआडून वाचलाय.
आतून ओरडत होते:
मानेकडून पाहा रे!
कवड्याचे पट्टे मानेशीच ठळक, शेपटाकडे विरतात.
मण्यारचे मानेशी पुसट, खाली दाट,
जोडीजोडीनं.
पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची रांग...
ओठ हलला नाही.

ठेमस्कर सिस्टरनं बादलीकडे पाहिलंच नाही.
माझी पापणी बोटानं उचलली, सोडली.
"नाव मंग ठेवा त्याचं. सलाईन धर."

ब्रह्मपुरीपर्यंत पस्तीस किलोमीटर
हेमराजनं रबरी फुगा दाबला.
हाच पोरगा, ताट घेऊन दोनदा रांगेत लागायचा.
दाब, सोड. दाब, सोड.
मी त्याच्या हातानं श्वास घेत होते
आणि सगळं ऐकत होते.
सिंदेवाहीची फाटकं. त्याचं नाक ओढणं.
एकदा त्याला डुलकी लागली,
ती मला छातीत कळली.
कोणीतरी म्हणालं, "गेली वाटते हे."
कोण, ते ओळखलं. सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी डावा डोळा
तांदळाच्या दाण्याएवढा उघडला.
पुढे बोलता आलं तेव्हा पहिलं विचारलं,
बादलीतल्याचे पट्टे कोणी पाहिले का नीट?
डोमा म्हणाला, "जाळला ना त्याले."

गावात अजून सांगतात,
पुष्पकलाले कवड्या चावला होता,
उगाच घाबरली.

मी खाटेवर झोपते आता, मच्छरदाणी खोचून.
हेमराज कधी शाळेवरून गेला
तर त्याला हाक मारते:
बस, गरम आहे.