नाव जुळते, टाकून जाते

धर्मकाट्याच्या खोलीत पंखा आहे, वारा नाही.
टेबलाच्या एका पायाखाली जुनी पावतीबुकं,
वर काँप्युटर, काँप्युटरवर कोंडा.
भाताचा कोंडा इतका बारीक
की कीबोर्डच्या 'ळ'खाली जाऊन बसलाय.

बिल्ड तिसऱ्यांदा पडलं.
लाल ओळ तीच :
मागितलेलं नाव सापडत नाही.

कसं सापडत नाही?
काल लायब्ररीची नवी आवृत्ती मीच टाकली, चार पूर्णांक दोन.
मिलच्या छपरावर चढून, मोबाइल उंच धरून उतरवली,
बावन्न टक्क्यांवर रेंज गेली तेव्हा
हातसुद्धा खाली केला नाही.
आणि हे यंत्र
यादी वाचतं नव्याची,
पोतं उचलतं भलतंच.

बाहेर धानाचे अकरा ट्रॅक्टर.
बाराव्याचा हॉर्न बिघडलाय, तो वाजतच राहतो.

कपगते मुनीम सुपारी कातरता कातरता विचारतात,
"काय म्हनून रायलं मॅडम, ते?"
नाव सापडत नाही म्हणतंय.
"पन हाय का नाव?"
आहे.
"मंग दोन असतीन."

दोन?

"आमच्या गावात दोन दामू लांजेवार.
एक नाक्यावरचा, म्हातारा.
एक तळ्याच्या पलीकडं, जवान पोट्टा, शिकलेला.
पोस्टमन येते, नाक्यावरचं घर आंधी लागते,
नाव जुळते, टाकून जाते.
पोट्ट्याच्या नोकरीचा कॉल
म्हाताऱ्यानं उशाखाली ठेवला साहा महिने.
त्याले वाटे, आपल्यालेच बलावून रायले."

अडकित्ता मिटला.
मी अख्खी डिस्क धुंडाळायला लावली.
आणि 'लोकल' नावाच्या फोल्डरात, वाटेवरच्या पहिल्याच घरात,
तो बसलेला होता :
तेच नाव, आवृत्ती दोन पूर्णांक सात,
अकरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली तारीख.

"भोजराज नंदेश्वरनं टाकलं असंन," मुनीम म्हणाले.
"काटा बसवाले आलता. दोन रात्री पोत्यांवर झोपला.
मंग पुन्याले गेला."
पावतीच्या प्रोग्रॅमात, सगळ्यात वर, त्याची एक ओळ सापडली :
इथे हात लावू नये. भो. नं.

मी लावला.
पुसली फाइल. जुनं बांधकाम झाडून काढलं,
पहिल्या विटेपासून पुन्हा.
हिरवं.
ट्रॅक्टर काट्यावर चढला, आकडा उमटला,
प्रिंटर मात्र गप्प.
"वजन झालं, पावती कुठं हाय?"
खिडकीतून आत आलेला हात तसाच पसरलेला.

अकरा वर्षं ती पावती
त्या म्हाताऱ्याच्या भाकरीवर जगत होती, आणि मला ठाऊक नव्हतं.

बरं, पुसण्याआधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.
आईची सवय : फाटका सदरा पोतेऱ्याला टाकायचा,
पण आधी बटणं काढून घ्यायची.
जुन्याला वेगळं फोल्डर दिलं, गावकुसाला नाही,
आतच, पण वाटेवर नाही.
त्याचा पत्ता फक्त पावतीला सांगितला.
दोन ओळींचं काम.
त्या दोन ओळींपाशी यायला सकाळची दुपार झाली.

मग प्रिंटर किरकिरला, खाकरला,
आणि निळसर कागदावर
तेवीस क्विंटल चाळीस.

भोजराजच्या ओळीखाली मी लिहिलं :
हात लावला. दोघंही नांदताहेत.
म्हाताऱ्याचं घर बदललंय, पत्ता खाली.

कागदाची रिळं बदलताना आठवलं म्हणून विचारलं,
मुनीमजी, त्या पोराला मिळाला का मग कॉल?

"भेटला ना.
म्हातारा सोता घेऊन गेलता, तळ्याच्या पल्याड.
पन तारीख निंगून गेलती."

बाराव्याचा हॉर्न
आता काट्यावरूनच वाजत होता.