अडीच तारे

लोर्नानं पेपर उघडला तो चिप्सच्या दुकानाबाहेर, बाकावर.
ग्रिम्झ्बीत वारा असतोच, पानं हातात ठरेनात,
म्हणून तिनं गरम पुडीच वर ठेवली
आणि व्हिनेगर पाझरून पहिलं वाक्य गेलं.
दुसऱ्यापासून वाचलं:
'चाळीस वर्षांनी फिलेट नाइव्ज परतले आहेत. का, ते त्यांनाच ठाऊक.'

पाचापैकी अडीच तारे.

मर्विन म्हणाला, अडीच म्हणजे नेमकं काय?
शिवी तरी धड द्यावी माणसानं.
एकोणऐंशीत याच पेपरनं आम्हाला
'गोदीतली दुर्गंधी' म्हटलं होतं,
ते कात्रण त्याच्या आईनं फ्रेम करून जिन्यात लावलं,
नवऱ्याच्या फोटोखाली.
नवरा आइसलंडकडे गेलेल्या ट्रॉलरवरून आला नव्हता.
दुर्गंधी खरी होती. आम्ही तिघं दिवसा हॅडॉक चिरायचो,
चौथा, कॉलिन, बर्फाच्या कारखान्यात.
रात्री तारांना खवले चिकटलेले असायचे.

लंडनच्या एका मासिकात जास्त माया होती.
'गायिकेच्या उच्चारातली ही नवी शिट्टी,
प्रत्येक स-ला लावलेली धार,
हा उतारवयातला जाणता प्रयोग आहे.'
लोर्ना इतकी हसली की प्रयोग सुटून
चिप्सच्या पुडीत पडला.
पुसून परत बसवला. खालची कवळी,
सरकारी दवाखान्यातली, कधीच नीट बसली नाही.

कुणी लिहिलं, राग निवळला.
कुणी लिहिलं, म्हातारचळ.
तेवीस वर्षांच्या एका पोरीनं विचारलं,
गाणी तीन मिनिटांच्या वर का जातात,
यांना कुठे जायचं नसतं का?
हे मात्र लागलं. खरंच नसतं.
मी शाळेचं फाटक साडेचारला लावतो,
मग संध्याकाळ, तोंड वासून.

राग म्हणाल तर आहे.
फक्त तो आता जिन्यात मध्येच थांबतो,
कठडा धरतो.
वर कशासाठी निघालो होतो ते विसरतो का,
तर नाही, ते नाही विसरत.
पण धाप लागलेली असते,
आणि स्टुडिओतला पोरगा ती पुसून टाकतो,
चांगल्या मनानं.

कॉलिनबद्दल एकानंही लिहिलं नाही.
सातव्या गाण्यात मध्ये अकरा सेकंद काहीच नाही.
'संकलनातली चूक', एक जण म्हणतो.
तिथे त्याची गिटार असायची.
दुसरा माणूस बघितला नाही असं नाही,
बघितला. चांगला वाजवायचा. बोटं स्वच्छ होती.

शनिवारी कोळ्यांच्या क्लबात वाजवलं.
माणसं एकेचाळीस, त्यात बारमागची दोन.
सातवं गाणं आम्ही आधीच घेतलं.
पुढचा एक टकल्या,
जाकिटाची चेन पोटावर न लागणारा,
जुन्या रिवाजानं लोर्नावर थुंकला.
नेम चुकला. माझ्या चष्म्यावर.
पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा पडला,
'सॉरी हं' म्हणत तो कडेला आला,
खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला,
गुडघ्यावर हात ठेवून एक पायरी चढला
आणि माझी काच पुसू लागला, एक, मग दुसरी.
मी बास सोडली नाही.
काच आणखीच धुरकट झाली.

मग ते अकरा सेकंद आले.
त्यानं रुमाल खाली घेतला.
बारमागचा फ्रीज तेवढा घरघरत होता.