निव्वळ वजन

राळेगाव रोडवर, जिनिंगच्या फाटकाला लागून
आठ बाय आठची माझी केबिन.
एक खिडकी, एक कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर
आणि बाहेर खड्ड्यात बसवलेला चाळीस टनी काटा.
गाडी भरून येते, मी आकडा घेते.
रिकामी होऊन येते, मी आकडा घेते.
पहिल्यातून दुसरा वजा.
अकरा वर्षं.

ढुमे साहेब साडेनवाला खिडकीत डोकं घालतात,
"काय पोटदुखे, आज कोणाचं पोट दुखते?"
हमाल हसतात. गाडीवाले हसतात.
अकाउंटचा प्रदीप सगळ्यात मोठ्यानं,
कारण काल त्याची पाळी होती.
सुरुवातीला मीही हसायची.
साहेबांचं बोलणं विसरता येतं,
ते माझं हसणं नाही.

मागच्या फेब्रुवारीत म्हणाले, प्रत्येक गाडीमागं वीस किलो खाली लिही.
मी नाही लिहिलं.
तीस-चाळीस गाड्या-बंड्यांसमोर त्यांनी पावत्यांचा गठ्ठा भिरकावला,
"बाईमाणसाले काट्यावर बसवलं, थेच चुकलं!"
वारं होतं. पावत्या पार फाटकापर्यंत.
आई परहाटीत वेचायची,
मी डांबरावर वेचल्या.
एकही माणूस वाकला नाही.
एक बैल तेवढा एका पावतीवर पाय देऊन
उभा होता, आणि हलत नव्हता.

सासू म्हणाली, "काहून मनाले लावून घेतं वो?
कुत्रं भुकते, हत्ती चालते."
मी म्हटलं, आत्याबाई, हत्तीले पगार नाही लागत.
पोरीची नर्सिंगची फी मार्चात होती.

मग पोट खरंच दुखायला लागलं.
दर रविवारी, संध्याकाळी, सहाच्या सुमारास.
डॉक्टरनं विचारलं, तिखट फार खाता का?
म्हटलं, घरचं नाही.

आणि डिसेंबरातली ती संध्याकाळ.
शेवटची गाडी गेलेली, काटा शून्यावर,
दिव्याभोवती कापसाचा भुरका.
साहेब फोनवर बोलत बोलत
काट्याच्या मधोमध येऊन थांबले. रेंज तिथंच मिळते.
"हो शेठ. चुकलं शेठ.
नाही शेठ, लेकराची शप्पथ."
मान खाली. डावा हात पोटावर.
माझ्या स्क्रीनवर आकडा उठला: ऐंशी.
आमचा काटा दहाच्या पटीत मोजतो,
म्हणजे खरे पंचाहत्तर-शहात्तरच असतील.
मी प्रिंट काढली.
गाडी नंबर कोरा. माल कोरा.

दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल.
आली नाही.
एवढंच दिसलं, की वरून कोणी त्यांच्यात भरतं
आणि ते रोज माझ्या खिडकीत येऊन
खाली करून जातात.
मी गोदाम नाही.

दुसऱ्या दिवशी, "काय पोटदुखे..."
हात थरथरलाच, खोटं कशाला सांगू.
त्याच हातानं वहीत लिहिलं,
तारीख. नऊ बत्तीस. शब्द जसेच्या तसे.
हजर कोण कोण.
"काय लिहून राहिली?"
"वजन, साहेब."
कोणी हसलं नाही.
प्रदीप स्वतःच्या चपलेकडे पाहत होता.

परवा सरकीच्या ढिगामागं
नवी पोट्टी रडताना दिसली, मेश्रामांची प्राची,
ओलावा तपासायला लागलेली, जेमतेम तीन आठवडे झाले.
तिला पाणी दिलं. डब्यातली अर्धी भाकर दिली.
आणि एक कोरी वही.
"पहिल्या पानावर काय लिहू मॅडम?"
"तुहं नाव लिही. पूर्ण."

वही वीस रुपयांची.
पगार झाला का देतो, म्हणाली.
मी हो म्हटलं.